मशीन बदलावं लागेल

आमच्या पत्त्यात ‘हिल’ आहे. मुंबईत ‘हिल’वाले पत्ते तसे वजनदार. मलबार हिल, कंबाला हिल, पाली हिल आणि मग, इतरांनी जरा सरकून जागा दिली तर, अँटॉप हिल. मलबार हिलवर राज्यपाल राहतात, पाली हिलवर नटनट्या राहतात आणि अँटॉप हिलवर केंद्र सरकारचे कारकून राहतात. बत्तीस वर्षं मी त्यांतला एक आहे. एका अंगाला वडाळ्याची मिठागरं, दुसऱ्या अंगाला हार्बर लाइन आणि मध्ये आमच्या सरकारी क्वार्टर्स. इथली हवा अशी खारट, की खिडकीचे गजच काय, माणसांचे स्वभावसुद्धा गंजतात.

हे सगळं सांगायचं कारण, माझ्या मनगटावरचं घड्याळ. ते स्वित्झर्लंडचं आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर कंपनीची नोटीस येईल, आणि घड्याळाची कंपनी म्हटल्यावर ती वेळेवर येईल. पण मासिकांच्या गुळगुळीत मागच्या पानावर, शिडाच्या होडीत उभा असलेला एक देखणा पुरुष मनगट पुढे करून हसत असतो ना, त्यातली ती एक कंपनी. त्याला किती वाजले हे कळून काय करायचं असतं, हे मला कधी समजलं नाही. त्याला ८.४७ची लोकल पकडायची नसते.

तर या घड्याळापायी गेल्या वर्षी मी एक वाक्य ऐकलं, आणि त्या वाक्याविरुद्ध हा लेख आहे. वाक्य तीनच शब्दांचं आहे : ‘मशीन बदलावं लागेल.’ पूर्वी घराघरांत ‘बघू, होतंय का काही’ असं म्हणायचे. आता वस्तूचं झाकण उघडण्याआधीच माणसं ‘बदलावं लागेल’ म्हणतात. माझं म्हणणं असं, की हे निदान नाही, हा निव्वळ आळस आहे. आणि जिथे तो आळस नाही, तिथे तो धंदा आहे.

घड्याळ मी नवं घेतलेलं नाही. नवं घेतलं असतं तर आधी आमची सौ. आणि मग इन्कम टॅक्सवाले अशा क्रमानं चौकशी झाली असती. झालं असं, की वरच्या मजल्यावरचे काका रिटायर होऊन संगमेश्वरला निघाले. जाताना त्यांनी सामान विकायला काढलं. लोखंडी कपाट, दिवाण, मिक्सर आणि चष्म्याच्या एका जुन्या डबीत हे घड्याळ. काकांच्या मेहुण्यानं १९८६ साली कुवेतहून येताना आणलेलं. सोनेरी कडा, पांढरी तबकडी, आणि तबकडीवर खाली बारीक अक्षरांत एक शब्द : ‘क्वार्ट्झ’.

आजच्या पोरांना त्या शब्दाची मिजास कळायची नाही. आज रस्त्यावर दीडशे रुपयांना मिळतं तेही क्वार्ट्झच. पण जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेइको कंपनीनं टोकियोत १९६९च्या २५ डिसेंबरला विक्रीला ठेवलं, तेव्हा त्याची किंमत होती ४,५०,००० येन. तेवढ्या पैशांत जपानमध्ये तेव्हा एक छोटी मोटार येत असे. त्या एका घड्याळानं स्वित्झर्लंडची झोप उडवली. पुढच्या पंधरा वर्षांत तिथल्या घड्याळधंद्यातल्या नोकऱ्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आल्या. म्हणून मग स्विस कंपन्यांनीही आपली क्वार्ट्झ घड्याळं काढली, आणि आब राखायला ती अशी झोकात बनवली की आत बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. १९८६ साली लालबाग-परळात कुणाच्या मनगटावर असलं घड्याळ दिसलं, तर लोक आधी घड्याळाकडे, मग माणसाकडे आणि मग कस्टम्सवाला कुठे दिसतो का, तिकडे बघत.

काकांनी अकरा हजार सांगितले. मी अकरा हजार दिले. सौ.ला ‘चार’ म्हणून सांगितलं. उरलेल्या सात हजारांचा उल्लेख या लेखात पहिल्यांदाच होत आहे. ती विनोदी लेख वाचत नाही, या भरवशावर.

वर्षभर घड्याळ सुरेख चाललं. मग एके दिवशी सेकंदकाटा वेड्यासारखा वागायला लागला. चार सेकंद गप्प उभा राहायचा आणि मग एकदम चार घरं उडी मारायचा. मला वाटलं, वय झालं. तर तसं नव्हतं. चांगल्या क्वार्ट्झ घड्याळात ही सोयच केलेली असते. आतला सेल संपत आला की घड्याळ चार सेकंदांची एक उडी मारून मालकाला सांगतं, ‘बाबा, माझं अन्न संपत आलंय, बघ जरा.’ आणि एवढ्या हलाखीतसुद्धा वेळ बरोबर दाखवत राहतं. चार सेकंद थांबतं आणि चार सेकंद भरून काढतं. आमच्या ऑफिसात चार तास थांबणारे खूप पाहिले. भरून काढणारा एकही नाही.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. घड्याळानं सांगितलं, पण मी ऐकलं नाही. उद्या बघू, उद्या बघू करता करता घड्याळ बंद पडलं आणि मी ते टेबलाच्या खणात टाकलं. सहा महिने. मेलेला सेल घड्याळात ठेवू नये, हे मला ठाऊक नव्हतं. त्यातून क्षार पाझरतो आणि शेजारच्या पत्र्याला खातो. त्यातून आमची हवा तर आधीच मिठागराची.

सहा महिन्यांनी भाच्याचं लग्न निघालं आणि घड्याळाची आठवण झाली. स्टेशनाबाहेरच्या एका दुकानातल्या पोरानं झाकण उघडून नवा सेल टाकला. काटा हलला नाही. पोरानं घड्याळ कानाशी नेलं, एकदा हातावर आपटलं (स्वित्झर्लंडला तेव्हा ठेच लागली असणार) आणि जाहीर केलं, ‘‘अंकल, मशीन गया. बदली करना पडेगा. चायना का डाल दूँ?’’

मी घड्याळ हिसकावून घेतलं. म्हटलं, भारी घड्याळाला भारी डॉक्टरच पाहिजे. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी दक्षिण मुंबईतल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो.

काय ते सेंटर! आत एवढं गार, की घड्याळाला नाही पण मला पडसं झालं. सोफा, पाण्याची बाटली, कॉफी. समोरच्या मुलीनं हातमोजे घालून माझं घड्याळ मखमलीच्या ताटलीत ठेवलं. इतक्या आदरानं मला कुणी लग्नाच्या मांडवातही वागवलं नव्हतं. फॉर्म भरताना तिनं पत्ता विचारला. मी ‘अँटॉप हि...’ एवढं म्हणेपर्यंत तिचा चेहरा ‘हिल’ ऐकून उजळला. ‘अँटॉप’ कुठे आलं ते कळल्यावर मूळ पदावर आला.

तीन आठवड्यांनी अंदाजपत्रक आलं. छप्पन्न हजार रुपये. शिवाय जीएसटी. कंपनीच्या अंदाजपत्रकात आणि आमच्या खात्याच्या अंदाजपत्रकात एकच साम्य होतं, दोन्हींत तपशील नव्हता. मी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

‘‘नक्की काय बिघडलंय?’’

‘‘मूव्हमेंट, सर.’’

‘‘मूव्हमेंटमधलं काय?’’

‘‘मूव्हमेंट, सर.’’

‘‘म्हणजे त्यातला कुठला भाग?’’

‘‘सर, कम्प्लीट मूव्हमेंट रिप्लेस होते. मशीन बदलावं लागेल.’’

‘‘उघडून बघितलंत का?’’

‘‘सर, हे मॉडेल आता डिस्कंटिन्यू झालंय.’’

हे उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. ते माझ्याही आलं. मी विचारलं, ‘‘बरं, जुनं मशीन मला परत मिळेल?’’ ती म्हणाली, ‘‘पॉलिसी नाही, सर.’’

आता मला सांगा, ही कुठली रीत? जुन्या मुंबईत घड्याळ दुरुस्तीला दिलं की आपण दुकानासमोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसायचो. का? तर घड्याळजी हातचलाखी करून आतलं चांगलं मशीन काढून घेईल आणि भंगार घालून देईल, ही भीती. सज्जन घड्याळजींवर त्यात अन्याय व्हायचा, पण भीती होती खरी. आता तेच काम कंपनी उजेडात, हातमोजे घालून करते, वर त्याची पावती देते. पूर्वी मशीन बदलण्याला चोरी म्हणत. आता पॉलिसी म्हणतात.

मी घड्याळ परत घेतलं आणि बाहेर पडलो. कॉफी तेवढी प्यायलो होतो, तिचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

घरी आल्यावर मी या ‘मशीन’ नावाच्या प्रकरणाचा अभ्यास केला. तुम्हीही जरा ऐका, कारण उद्या ही वेळ तुमच्यावर येईल. क्वार्ट्झ घड्याळात गारगोटीचा एक चिमुकला तुकडा असतो. सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा कुणी उगाच काढलेला नाही. दोनाला दोननं गुणत जा, पंधराव्या घराला ३२,७६८ येतात. म्हणून सर्किट त्या थरथरीला पंधरा वेळा निम्मं करतं आणि शेवटी सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. तो ठोका केसाहून बारीक तारेच्या एका गुंडाळीत, म्हणजे कॉइलमध्ये जातो, कॉइल एका इवल्या लोहचुंबकाला अर्धा फेरा देते, आणि तिथून पुढे सगळी साधी दातेरी चाकं. आमच्या आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळात असतात तशीच, फक्त बारीक.

म्हणजे बिघडण्यासारखं काय? एक, सेल. दोन, सेलच्या खालचा पत्रा. तीन, चाकांमधलं सुकलेलं तेल. चार, कॉइल. पाच, सर्किट. यातलं पाचवं खरोखर जळलं आणि नवं मिळेना, तर हात टेकावे लागतात, हे मला मान्य आहे. पण पहिल्या चारांना हात न लावता एकदम मशीन बदला म्हणणं म्हणजे शिंक आली म्हणून डोकं बदला म्हणण्यासारखं आहे.

कंपन्यांचीही एक बाजू आहे. ते म्हणतात, बाजारात नकली भाग फार, घड्याळात पाणी जाऊ नये यासाठी यंत्रावर दाब तपासावा लागतो, हे काम शिकलेल्या माणसाचं आहे. सगळं खरं. मग शिकवा ना माणसांना! द्या ना अस्सल भाग, घ्या त्याचे पैसे! नकली भाग बाजारात का येतात? अस्सल भाग कपाटात कुलूप लावून ठेवले म्हणून येतात. दुष्काळ पाडायचा आणि काळाबाजार होतो म्हणून ओरडायचं, हा प्रकार आमच्या पिढीनं रेशनच्या दुकानासमोर उभं राहून पाहिलेला आहे. आम्हाला शिकवू नका.

आणि हे भांडण एकट्या अँटॉप हिलचं नाही. युरोपातल्या घड्याळजींच्या संघटनांनी २००४ साली युरोपियन कमिशनकडे तक्रार केली, की स्विस कंपन्या आम्हाला सुटे भाग देत नाहीत. कमिशननं २००८ साली ती फेटाळली. न्यायालयानं २०१० साली ते फेटाळणं रद्द केलं. कमिशननं २०१४ साली पुन्हा फेटाळली. आणि २०१७ साली न्यायालयानं कमिशनचं म्हणणं उचलून धरलं. तेरा वर्षं! आपल्या दिवाणी कोर्टांनाच उगीच नावं ठेवतो आपण. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. चांगलं केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी, अशी चार क्षेत्रं आधी घेतली. मनगटी घड्याळाला वेगळा रकाना नाही. सरकारला वेळेची फिकीर नाही, हे मी बत्तीस वर्षं आतून पाहिलेलं आहे, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

या सगळ्यात मला माझ्या वडिलांचं घड्याळ आठवलं. वडील गिरणीत टाइमकीपर होते. कामगार आत कधी आला, बाहेर कधी गेला, हे लिहायचं काम. गिरणीचा भोंगा अख्ख्या लालबागला वेळ सांगायचा, तरी वडील स्वतःच्या घड्याळाशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. १९७४ साली घेतलेलं एचएमटीचं ‘जनता’. रोज सकाळी चहा पिण्याआधी त्याला चावी द्यायची. १९८२च्या जानेवारीत संप झाला, गिरणी बंद पडली, भोंगा बंद पडला. वडील रोज सकाळी घड्याळाला चावी देत राहिले. आम्ही कुणी त्याबद्दल बोललो नाही.

ते ‘जनता’ अजून चालतं. २०१६ साली केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. ज्या कंपनीनं राम म्हटला, तिचं घड्याळ कुठल्याही गल्लीत दोन-तीनशे रुपयांत दुरुस्त होतं. आणि जी कंपनी ठणठणीत आहे, होडीत उभी राहून हसतेय, तिचं घड्याळ मात्र दुरुस्त होत नाही! कारण ‘जनता’चं मशीन कुणालाही उघडता येत होतं. नावाप्रमाणे ते जनतेचं होतं. माझं घड्याळ मी अकरा हजार मोजून घेतलं, पण ते उघडायचा अधिकार मात्र दुसऱ्याचा. मग मी मालक कसला? मी त्या घड्याळाचा भाडेकरू. सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला हा फरक चांगला कळतो.

तेव्हा रविवारी मी घड्याळ खिशात घातलं आणि लालबागला गेलो. वडिलांचे घड्याळजी एका चाळीच्या जिन्याखाली बसत. ते आता नाहीत, पण त्यांचा मुलगा बसतो. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. जिना चढणाऱ्या प्रत्येकाच्या पावलागणिक दुकानाच्या छपरातून थोडी माती पडते, म्हणून अण्णा काम करताना घड्याळावर काचेची टोपी ठेवतात.

‘‘टाइमकीपरांचा ना रे तू?’’ अण्णांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं.

मी घड्याळ पुढे केलं आणि म्हणालो, ‘‘अण्णा, मशीन बदलावं लागेल म्हणतात.’’

‘‘कोण म्हणतो?’’

‘‘कंपनी.’’

‘‘उघडलं त्यांनी?’’

‘‘मॉडेल डिस्कंटिन्यू झालं म्हणाले.’’

‘‘मी पण डिस्कंटिन्यूच मॉडेल आहे. बस त्या स्टुलावर.’’

अण्णांनी झाकण उघडलं. सेल चिमट्यानं उचलला आणि खालचा पत्रा मला दाखवला. त्यावर हिरवट-पांढरी पूड जमली होती. ‘‘हे तुझं पाप,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मेलेला सेल ठेवलास ना आत?’’ मी मान खाली घातली. त्यांनी पत्रा घासून साफ केला, मीटरच्या दोन सुया लावून कॉइल तपासली. कॉइल शाबूत. सेल परत बसवला.

काटा चालायला लागला. बरोबर एकेक सेकंदानं.

मला वाटलं, झालं. पण अण्णा मीटरकडे बघत होते. ‘‘चांगलं मशीन एक-दीड मायक्रोअँपियर खातं. तुझं सात खातंय. म्हणजे चाकं जड झालीत. तेल सुकलंय. असंच दिलं तर सहा महिन्यांत सेल पिऊन टाकेल आणि तू परत येशील बोंबलत.’’

मग त्यांनी ते मशीन उलगडलं. मी स्टुलावर बसून पाहत होतो. एक, दोन, तीन, चार स्क्रू. माणिकांचे लाल ठिपके, सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या. अण्णांनी हात थांबवला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

‘‘बघ. काय मशीन बनवलंय! हे स्क्रू बघितलेस? फेकायच्या वस्तूला कुणी स्क्रू लावतं का? स्क्रू असतो तो उघडायसाठी. ज्यानं हे बनवलं ना, त्याला ठाऊक होतं की आज ना उद्या कुणीतरी हे उघडणार. माझ्यासाठी ठेवलेत त्यानं हे.’’

छप्पन्न हजारांच्या अंदाजपत्रकाला याहून मोठं उत्तर मला सुचत नाही. ज्या कारागिरानं चाळीस वर्षांपूर्वी ते घड्याळ जुळवलं, त्याचा अण्णांवर विश्वास होता. त्याच्याच कंपनीचा आज नाही.

अण्णांनी घड्याळ आठ दिवस ठेवून घेतलं. चाकं धुतली, तेल दिलं, झाकणाखालचं रबर बदललं. महिन्याला वीस सेकंद पुढे जात होतं, तर सर्किटवरचा एक बारीकसा स्क्रू केसभर फिरवून तेही ताळ्यावर आणलं. आता मीटरवर दीड मायक्रोअँपियर. बिल झालं नऊशे रुपये. मी हजाराची भाषा केली, तर अण्णा म्हणाले, ‘‘जास्त नको. आणि पाण्यात घालून पोहू नकोस. दाब तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही. कंपनीकडे आहे, तेवढं त्यांचं खरं.’’ भल्या माणसाची हीच पंचाईत असते. तो विरुद्ध पक्षाचाही मुद्दा मांडून जातो आणि माझ्यासारख्या भांडखोराचा लेख लंगडा करतो.

निघताना मी विचारलं, ‘‘अण्णा, तुमच्यानंतर इथे कोण?’’

अण्णांचा मुलगा कुरिअर कंपनीत आहे. हाताखाली शिकायला मध्ये एक पोरगा आला होता, तो तीन महिन्यांत मोबाइलच्या दुकानात गेला. अण्णांनी टेबलाखालून पत्र्याचा डबा काढला. त्यात शे-दीडशे मेलेली घड्याळं. ‘‘यातूनच पार्ट काढतो मी. मेलेल्याचं जिवंताला. विकत कुणी देत नाही ना. डबा संपला की दुकान संपलं.’’ एवढं बोलून त्यांनी डबा आत सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं घड्याळ हातात घेतलं. वरून कुणीतरी जिना उतरत होतं. अण्णांनी काचेची टोपी ठेवली.

म्हणून, वाचकहो, एवढं करा. काटा चारचार उड्या मारायला लागला की त्याच आठवड्यात सेल बदला. घड्याळ वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा. कुणी ‘मशीन बदलावं लागेल’ म्हणालं, तर नक्की काय बिघडलंय ते विचारा, आणि ‘उघडून बघितलंत का’ हे पुन्हा विचारा. जुना भाग परत मागा, तुमच्या पैशांचा आहे. आणि तुमच्या गल्लीत जिन्याखाली, पानवाल्याच्या शेजारी, कुठेही एखादा अण्णा बसत असेल, तर तो डिस्कंटिन्यू व्हायच्या आत त्याच्याकडे एखादं बंद घड्याळ घेऊन जा. त्यानं घड्याळही चालेल आणि अण्णाही.

आता शेवटची गोष्ट. गेल्या ३१ मे रोजी मी साठ वर्षांचा झालो म्हणून सरकारनं मला रिटायर केलं. आठवडाभर आधी आमचे साहेब म्हणाले, ‘‘तुमच्या जागी आता नवा माणूस मिळणार नाही. सिस्टीम येणार.’’ म्हणजे मशीन बदलणार! बदलोत बापडे. पण रिटायर झाल्यापासून ऑफिसातून आठवड्याला दोन फोन येतात, अमकी फाइल कुठे आहे म्हणून. मी सांगतो, उजवीकडचं कपाट. ते म्हणतात, सिस्टीममध्ये दिसत नाही. मी सांगतो, कपाट उघडून तर बघा.

निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठेही वेळेवर पोहोचायचं नाही, त्याला घड्याळ द्यायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे. भिंतीवरचं होतं. घरी आल्यावर मी सवयीनं ते उलटं करून बघितलं. मागे काळ्या प्लास्टिकची चौकोनी डबी. चारही बाजूंनी चिकटवलेली. एकही स्क्रू नव्हता.

सौ. म्हणाली, ‘‘अहो, हे बंद पडलं तर हो?’’

‘‘त्यात काय, बदलून टाकू,’’ मी म्हणालो, आणि जीभ चावली.

ती हसली. म्हणाली, ‘‘अकरा हजारांचं मात्र उघडून घेता!’’

‘‘चार...’’ मी म्हणालो.

‘‘संगमेश्वरच्या काकूंचा फोन येत असतो मला,’’ ती म्हणाली आणि पोळ्या करायला आत गेली.

क्वार्टर सोडायला अजून काही महिने आहेत. तोवर भिंत सरकारची आहे, तिला खिळा ठोकता येत नाही. घड्याळ तसंच टेबलावर पडून आहे. सेल मात्र मी काढून ठेवलाय. रविवारी लालबागला घेऊन जाईन म्हणतो. अण्णा शिव्या देतील. पण उघडून बघतील.